ताईचा मे महिना

मला बोट लागते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून होडी सुटून समोरच्या बेटाला वळसा घालेपर्यंत मी कसाबसा तग धरतो. पुढे पाण्याचा गढूळपणा जाऊन ते काळपट व्हायला लागलं की पोटात ढवळतं. तरीही वीसेक वर्षं दर मे महिन्यात मी ताईबरोबर समुद्रात गेलो. सुरुवातीला अप्पांनी सांगितलं म्हणून, आणि मग कुणी न सांगता.

सांडोरला आमची केळीची आणि फुलांची वाडी. अप्पांना गळ टाकायचा नाद होता. संध्याकाळी वाडीचं पाणी उरकलं की ते खाडीवर जाऊन बसायचे. मुलगा म्हणून त्यांनी आधी मला नेऊन पाहिलं. मला चिखलाचा वास सोसेना आणि गळाला लावायची कोळंबी हातातून निसटायची. मग माझी थोरली बहीण आपणहून त्यांच्या मागे जायला लागली आणि माझी सुटका झाली. ताईला खाडी पुरली नाही. तिला बाहेर जायचं होतं, खोल पाण्यात, खडकावरच्या माशांना. अप्पा थकले तेव्हा ती म्हणाली, "मी अर्नाळ्याची होडी करून जाणार."

"एकटी नाही जायचं," अप्पा म्हणाले. "भावाला ने."

तेव्हा ताई तिशीची होती. तिचं लग्न दोनदा ठरून मोडलं होतं आणि तिसऱ्यांदा तिनेच नको म्हटलं होतं. केळीचा अख्खा घड खांद्यावर टाकून ती वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची. आणि तिची राखण करायला मी, होडीच्या काठावर ओणवा होऊन ओकणारा. तांडेलांना पहिल्याच दिवशी हसू आवरलं नव्हतं.

तांडेल म्हणजे होडीचे मालक, तीच होडी चालवणारेही. किनाऱ्यावर त्यांना नावाने कुणीच हाक मारत नसे, म्हणून आम्हीही तांडेलच म्हणायला लागलो. आधी ते जाळ्याची मासेमारी करायचे. जाळ्यात येईना झालं तसे ते उन्हाळ्यात हौशी लोकांना गळ टाकायला न्यायला लागले. आता तर ठाण्या-अंधेरीहून पोरं फोन करून येतात. काळे चष्मे, महागाच्या काठ्या, बर्फाच्या पेट्या, आणि मासा लागण्याआधीच फोटो. पण मे महिन्यातला एक भांग तांडेल ताईसाठी राखून ठेवायचे. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीची ओढ मंदावते, तळाला सोडलेलं गळाचं शिसं जागच्या जागी राहतं. त्या दिवसांना भांग म्हणतात. पाऊस लागायच्या आधीचा, वारा पिसाळायच्या आधीचा तो शेवटचा चांगला भांग ताईचा.

सकाळी स्कूटरवर मागे मी, पुढे ती. निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशी आम्ही निघायचो. तिच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, कांदा, सुकटीची चटणी आणि तांडेलांच्या घरासाठी पानात बांधलेली सुकेळी. माझ्यासाठी आल्याच्या वड्या. गुडघाभर पाण्यातून होडीत चढायचं. एकदा नांगर पडला की ताई बोलायची बंद व्हायची. एरवी घरात तिचा आवाज तीन घरं पलीकडे जायचा. इथे ती काठीवरून पाण्यात गेलेल्या तंगुसाच्या दोरीवर बोट टेकवून बसायची, आणि खाली काय चाललंय ते तिला त्या एका बोटाला कळायचं. मी फळीवर आडवा पडून आभाळाकडे बघायचो. तांडेल विडी ओढायचे. तासन्‌तास असंच चालायचं. मासा लागला की ताई उभी राहायची, पाय फाकवून, आणि तिच्या पाठीवरचं ब्लाउज ताणलं जायचं. त्या वेळी ती फार सुंदर दिसायची, हे मी तिला कधी बोललो नाही. भाऊ बहिणीला असलं काही बोलत नाही.

अप्पा गेले. मी लग्न करून वसई पूर्वेला राहायला गेलो, सातिवलीला एका कारखान्यात साचे बनवायच्या कामावर लागलो. मे महिना मात्र चुकला नाही. बायको म्हणायची, "तुम्हाला एवढं होतं तर जाता कशाला?"

एका गणपतीनंतर ताईने आंघोळीच्या वेळी हाताला लागलेली छातीतली गाठ माझ्या बायकोला दाखवली. पुढचं सगळं भराभर झालं. उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. औषधांनी केस गेले. ताईने ते सगळं वाडीतल्या कामासारखं उरकलं, आज हे, उद्या ते. तिला खरा धक्का बसला तो नंतर, उजवा हात सुजला तेव्हा. कोपरापासून मनगटापर्यंत हात जाड, जड, दुसऱ्या कुणाचा लावल्यासारखा. त्यावर चढवायला एक घट्ट बाही दिली होती. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण त्यांनी सांगायचं ते सांगितलं.

"या हाताने वजन उचलायचं नाही. ओढायचं नाही. काटा, सुई, काहीही टोचू द्यायचं नाही."

"गळ?" ताईने विचारलं.

"कसला गळ?"

"मासे धरायचा."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना वाटलं ताई गंमत करतेय. "ते तर अजिबातच नाही," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी केळीचे घड शेजारच्या बागायतदाराच्या गड्यांनी उतरवले आणि ताई पायरीवर बसून त्यांना ओरडत राहिली. मे महिना आला. मी विषय काढला नाही. एका संध्याकाळी तिचाच फोन आला.

"तांडेल विचारतायत, अष्टमीला यायचं ना?"

"ताई, हात..."

"डावा आहे ना."

बायको माझ्यावर चिडली, मी ताईवर चिडलो, आणि आम्ही गेलो. स्कूटर मी चालवली. तांडेलांनी तिला पाहिलं. डोक्यावर स्कार्फ, उन्हात ती जाड बाही, अंगावरून उतरलेलं वजन. ते फक्त म्हणाले, "ये ताय. पानी आज बरं हाय." होडीत चढताना मात्र त्यांनी तिचा डावा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता.

नांगर टाकला. ताईने काठी डाव्या हातात घेतली आणि दांडा मांडीखाली दाबून धरला. उजव्या हाताचं बोट तंगुसावर ठेवलं. तेवढं चालत होतं. मी तिच्या गळाला कोळंबी लावून देत होतो, दर दुसरी निसटून खाली पडत होती. दोन बारके ढोमे लागले, ते डाव्या हाताने आले. ती खूश होती. भाकरी खाताना तिने तांडेलांना त्यांच्या सुनेचं बाळंतपण विचारलं, मला आल्याची वडी दिली. मला वाटलं, झालं, एवढंच हवं होतं तिला.

मग काठी एकदम पाण्याकडे वाकली. दांडा मांडीखालून निसटला. ताईने तो डाव्या हाताने पकडला, पण रीळ फिरवायला उजवा हात लागतो. तिने उजवा हात पुढे नेला आणि तिच्या तोंडातून एक आवाज आला, ओरडण्याच्या आधीच गिळलेला.

"घे," ती म्हणाली. "घे ना रे! खडकात शिरला की गेला तो!"

मी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. पाण्याखाली कुणीतरी माणूस उभा राहून ओढतोय असं वाटलं. ताई माझ्या मागे येऊन बसली, तिची हनुवटी माझ्या खांद्याशी.

"काठी वर कर. आता खाली आण, आणि खाली आणताना गुंडाळ. ओढू नको, गुंडाळ. थांब, जातोय तर जाऊ दे. जाऊ दे म्हणते ना! हां. आता."

किती वेळ गेला कळलं नाही. माझे दंड पेटले होते आणि मी ओकायचं विसरून गेलो होतो. पाण्यात खाली काहीतरी तपकिरी फिरलं, मोठं, संथ. तांडेलांनी लोखंडी आकडी घालून मासा वर घेतला आणि फळीवर आपटला. गोब्रा. भलंथोरलं तोंड, अंगावर ठिपके, डोळे बाहेर आलेले.

"भाऊचा पयला मासा!" तांडेल ओरडले. "पयला, नि केवडा!"

मी हसत होतो, काहीतरी बडबडत होतो. लहान पोरासारखा. तांडेल म्हणाले फोटो काढा, आणि मोबाइल ताईच्या हातात दिला. मी मासा उचलून उभा राहिलो. ताईने डाव्या हाताने मोबाइल धरला, फोटो काढला, आणखी एक काढला. "जरा इकडे बघ," म्हणाली. तो फोटो माझ्याकडे आहे. चांगला आलाय.

येताना ती पुढच्या टोकाला जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून. किनाऱ्याला लागल्यावर तांडेल मासा कापायला घेणार तेवढ्यात ती म्हणाली, "मला नको. तुम्ही दोघं घ्या."

"असं कसं ताई? तुझ्याच गळाला लागला."

"माझ्या गळाला लागला," ती म्हणाली. "तेच म्हणते मी." आणि मग अगदी हळू, मला नाही, वाळूकडे बघून, "माझा होता तो."

ताई रडली नाही. स्कूटरवर मागे बसून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला तो डावा होता. आगाशीच्या नाक्यावर शहाळं पिऊ या का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाली. घरी सोडलं तेव्हा मात्र नेहमीच्या आवाजात बोलली, "वहिनीला सांग, डोक्याचं कालवण कर. डोकं टाकू नकोस, तुला कळत नाही." नंतर त्या दिवसाचा विषय तिने कधी काढला नाही.

दिवाळीनंतर तिची पाठ दुखायला लागली. वाडीत वाकून वाकून, असं ती म्हणत राहिली. तपासलं तेव्हा आजार हाडांत उतरला होता. डॉक्टरीणबाई या वेळी ताईशी न बोलता माझ्याशी बोलल्या, आणि बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "मला कळलं. सांगू नकोस."

थंडीत ती बरी होती. म्हणजे चालत होती, पायरीवर बसत होती, विहिरीला मचूळ पाणी लागलं म्हणून त्रागा करत होती. आम्ही दोघं नवरा-बायको सांडोरला येऊन राहिलो. दिवसभर घरात माणसं. चर्चच्या बाजूच्या बायका यायच्या, आमच्या आळीतल्या यायच्या, कुणी डाळिंब आणायचं, कुणी तीर्थ. ताई सगळ्यांशी हसून बोलायची, त्यांच्याच गुडघेदुखीची चौकशी करायची. माझ्या बायकोला मी म्हणायचो, "कमाल आहे हिची, डोळ्यांत एक टिपूस नाही." आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं.

मार्चनंतर ती पलंगावरून उठली नाही. मे महिन्यात तांडेलांचा फोन आला, नेहमीसारखा. मी बाहेर जाऊन हळू आवाजात त्यांना सांगत होतो, तर आतून ताईची हाक आली.

"कोण? तांडेल? जा तू."

"ताई, तुला सोडून..."

"जा ना. मला सांग येऊन."

मी एकटा गेलो. होडी मोठी वाटत होती. तांडेलांनी नांगर नेहमीच्याच ठिकाणी टाकला. फोनवर रेंजच्या अजून दोन काड्या दिसत होत्या, म्हणून मी घरी व्हिडिओ कॉल लावला. बायकोने फोन ताईच्या तोंडासमोर धरला. उशीवर तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"मला तुझी हनुवटी दिसतेय," ती म्हणाली. "पाणी दाखव."

मी फोन फिरवला.

"नुसतं पांढरं दिसतंय रे. ऊन आहे वाटतं. ते दिसणं बंद कर. आवाज ठेव. फोन पाण्याजवळ धर."

मी काठावरून वाकलो, फोन मुठीत घट्ट धरून हात जमेल तेवढा खाली नेला. तांडेलांनी मागून माझ्या शर्टाची कॉलर धरली. पाणी होडीला लागत होतं, चुबुक, चुबुक. कुठेतरी दोरी करकरत होती. डोकं खाली गेलं आणि मी तिथेच ओकलो, फोनच्या बाजूला. पलीकडून ताईचं हसू आलं, खोकल्यात मिसळलेलं. मग काहीच नाही.

"ताई, आहेस का?"

"गप."

हात दुखायला लागला, तरी तसाच धरला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "वारा फिरला का रे?"

मला कळलं नव्हतं. मी तांडेलांकडे पाहिलं.

"व्हय ताय," ते मोठ्याने म्हणाले. "फिरला."

"मग निघा आता," ती म्हणाली, आणि तेवढ्यात फोन तुटला. आम्ही एक गळही टाकला नाही. घरी पोहोचलो तेव्हा ती गुंगीत होती. येऊन सांग म्हणाली होती, ते सांगायचं राहिलं. त्यानंतर ती जागी असायची पण बोलायची फार थोडं, पाणी दे, कूस बदल, एवढंच.

जूनमध्ये ती गेली. दुपारी, बायको तिच्या पायाला तेल लावत असताना. बायकोने मला हाक मारली तेव्हा मी ओटीवर होतो. आत येईपर्यंत संपलं होतं.

तेराव्यानंतर तांडेल आले. बोटी वर ओढल्या होत्या, समुद्र बंद होता. एसटीने येऊन, नाक्यावरून विचारत विचारत ते आमच्या वाडीत पोहोचले होते. इतक्या वर्षांत आमच्या घरी ते पहिल्यांदाच आले. किनाऱ्यापासून लांब ते मला बुटके वाटले. ओटीवर बसले, चहा घेतला, ताईच्या फोटोकडे पाहिलं.

"भाऊ," शेवटी ते म्हणाले, "ती येकदा आलेली माज्याकडं. येकटी."

"कधी?"

"थंडीत. होळीच्या आदी. रिक्शा करून आली. मला म्हनली, तांडेल, जरा भाईर नेशील? मी म्हनलो, भाऊ कुटंय? म्हनली, त्याला सांगू नको."

त्या दिवशी ताई आम्हाला म्हणाली होती की मैत्रिणीकडे नंदाखालला पूजेला जाते. उशिरा आली, थकून झोपली. मला आठवलं.

"गळ आनला नवता. काईच नवतं. मी नेलं. बेटाच्या फुडं गेल्यावर म्हनली, थांबव, पन इंजीन चालू ठेव. मी म्हनलो, इंजीन कशाला ताय, डिझेल फुकट जातं. म्हनली, चालू ठेव." तांडेलांनी कप खाली ठेवला. "मग रडली. लय रडली भाऊ. अशी की, मी मागं तोंड करून बसलो, तरी मला र्‍हावलं नाय. उठायला गेलो तर हातानं म्हनली, बस तिकडं."

मी त्यांचा कप उचलून बाजूला ठेवला.

"तिला वाटलं इंजीनात मला आयकू येनार नाय," ते म्हणाले. "यायचंच की. मी आयकू येत नाय असं केलं."

मी उठून आत गेलो आणि मोरीवर उभा राहिलो. कोरडा पडलेला तांब्या उगीच विसळला. मला आधी वाईट वाटलं ते माझ्यासाठी. घर माझं, बहीण माझी, आणि रडायला ती एका परक्या माणसाच्या होडीत गेली. मग डोळ्यांसमोर आमचं घर आलं, ती सगळी माणसं, डाळिंबं, बायकोची बडदास्त, मी दारात उभा राहून दर तासाला विचारणारा, बरं वाटतंय ना? या घरात ती रडली असती तर कुठे रडली असती? आणि तिला रडताना पाहून मी काय केलं असतं? मी कोसळलो असतो. ते तिला माहीत होतं. मला आवरायचं काम पुन्हा तिच्यावरच आलं असतं.

बाहेर आलो तेव्हा तांडेल चपला घालत होते.

"सांगायला नको होतं का?" त्यांनी विचारलं. "तिनं नको म्हनलेलं. पन माज्याच्यानं र्‍हावंना. दुसऱ्या कोनाला सांगू?"

"बरं केलंत," मी म्हणालो.

नाक्यापर्यंत मी त्यांच्यावर छत्री धरून गेलो. वाटेत विचारलं, "कुठे थांबवली होती होडी?"

"बेटाच्या फुडं. वायव्येला जरा."

"पावसाळा संपला की मला न्याल तिथं?"

तांडेल थबकले. "तिथं काय हाय भाऊ? पानीच हाय." एसटी आली तसे ते पायरीवर चढले, आणि मागे वळून म्हणाले, "नेईन."

नारळी पौर्णिमा होऊन गेली, होड्या पाण्यात उतरल्या. वाडी आम्ही शेजारच्या बागायतदाराकडे कसायला दिलीय, फुलं मात्र बायको स्वतः तोडते. तांडेलांचा दोनदा फोन आला. पाणी निवळलंय, भाऊ, कधी येतोस. पहिल्यांदा मी म्हणालो, कारखान्यात काम आहे. दुसऱ्यांदा फोन वाजत असताना मला ताईचं ‘त्याला सांगू नको’ आठवलं; मी तो हातात घेऊन वाडीत उभा राहिलो, आणि वाजायचा थांबेपर्यंत उचलला नाही.